कनवटीचं कार्ड

ज्वारीची काढणी उरकली आणि सिरसाळ्याच्या शिवारात, अजिनाथच्या काळ्या रानात बिभीषणची मेंढरं बसली. मेंढरं बसवायची म्हणजे रात्री रानात कोंडायची. लेंड्यांचं खत रानाला आणि त्याच्या बदल्यात ज्वारी धनगराला, असा हा बापजाद्यांपासूनचा व्यवहार. रानाच्या सगळ्या अंगाला खत मिळावं म्हणून वाघर सारखी हलवावी लागते. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. ते उपटायचं, पुढच्या तुकड्यावर न्यायचं, मेखा ठोकून पुन्हा उभं करायचं. उन्हानं रान वाळून कडक झालेलं, मेख आत शिरायला तयार नसायची. बिभीषण दात खाऊन हातोडा घालायचा आणि दर घावाला त्याच्या जांघेत काहीतरी खाली उतरायचं.

त्याला अंतरगळ, म्हणजे हर्निया झाला होता. आधी सुपारीएवढा होता, मग लिंबाएवढा, आता चांगला वांग्याएवढा झालेला. जुन्या पटक्याची पट्टी फाडून ती तो धोतराच्या आत करकचून बांधायचा. फारच उतरला की बांधाच्या आड जाऊन उताणा पडायचा आणि तळव्यानं दाबून दाबून तो गोळा आत घालायचा. गुडगुड आवाज करत गोळा आत जायचा. मग हा उठून धोतर झटकायचा आणि जणू आभाळ बघायला गेलतो अशा तोंडानं परत यायचा. चाळिशी ओलांडलेला, मिशाळ बाप्या, एवढ्या मेंढरांचा धनी, पण हे दुखणं कुणाला सांगायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. गुडघा दुखला तर माणूस चारचौघांत गुडघा दाखवतो. हे काय दाखवायचं?

रतनबाईला ठाऊक होतं. जी धोतर धुते तिच्यापासून काय लपणार? "दवाखान्यात चला," असं ती अधूनमधून म्हणायची. पण दवाखान्याची वाट त्या घरात वच्छलाबाईच्या कनवटीतून जात होती.

वच्छलाबाई म्हणजे बिभीषणची आई. नवरा धोंडीराम गेल्यापासून घर आणि मेंढरं तिच्याच शब्दावर चालत. मागं गावात शिबिर झालं तेव्हा सगळ्यांना ओढून नेऊन तिनं दवाखान्याच्या विम्याची कार्डं काढून घेतली होती. तिचं, मुलाचं, सुनेचं आणि पुण्याला कंपनीत असलेल्या नातवाचं, लखनचं. चारी कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिनं लुगड्याच्या कनवटीला लावली ती लावलीच. झोपतानासुद्धा पुडकं तिथंच.

"कारडं चार हायत, पर पैका साऱ्या घराला मिळून येकच हाय," ती सांगायची. एवढं बरोबर होतं. पुढचं मात्र तिचं तिनं जुळवलेलं. "मेंढरू कापायचं म्हनलं तर पुरं कापावं लागतंय. पावशेर मटन पायजे म्हनून येक तंगडी कापली आन् मेंढरू परत वाघरीत सोडलं, असं व्हतंय का? तसंच हे. येकदा काढलं की संपलं. मंग ते मोठ्या दुखन्याला काढायचं. आन् घरात मोठं दुखनं कुनाला येनार? म्हातारीला. म्हनून ते माझ्यापशी ऱ्हाईल."

बिभीषणला हे तंतोतंत पटलं होतं. अर्धं कापलेलं मेंढरू त्यानंही जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्या जांघेतल्या गोळ्यासाठी आईचं मेंढरू कापायचं, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तो पट्टी आणखी एक वेढा घट्ट करायचा, बस.

अशात एक दिवस रोहिणी आली. केजची पोरगी. रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून, तोंडाला ओढणी बांधून, ढेकळं तुडवत ती रानात शिरली तशी कुत्री तिच्या अंगावर धावली. बिभीषणनं कुत्र्यांना दटावलं. अजिनाथही आपल्या रानात कोण आलं म्हणून बांधावरून खाली उतरला.

"राज्यभर पाहणी चाललीय," रोहिणीनं दम घेत सांगितलं. "विमा किती घरांत पोचलाय, आणि उपचार खरंच मिळतात का, ते मोजतोय आम्ही. चिठ्ठ्या टाकतात तशी घरं निवडलीत. तुमच्या घराचा नंबर लागलाय. घराला कुलूप होतं, शेजारच्या छबुबाईंनी इकडचा पत्ता सांगितला."

"लंबर लागला?" वच्छलाबाई पुढं झाली. "काय मिळनार?"

"काही नाही आजी. नुसते प्रश्न विचारायचेत."

"मंग लागला कसा म्हनायचा?"

अजिनाथ खो खो हसला. रोहिणीही हसली आणि तिनं पिशवीतून टॅब काढला. पोत्यावर बसून ती विचारत गेली, म्हातारी उत्तरं देत गेली. माणसं किती, रेशनकार्ड कोणतं, विम्याचं कार्ड आहे का. म्हातारीनं पुडकं अर्धं बाहेर काढून दाखवलं, हातात मात्र दिलं नाही.

"कधी वापरलं का आजी?"

"कशाला वापरू? कोरं करकरीत हाय," म्हातारी अशा तोऱ्यात म्हणाली की जणू ठेवणीतल्या लुगड्याची घडी दाखवतेय.

"जवळचा दवाखाना किती लांब आहे?"

"मेंढरं कुठं हायत त्यावर हाय ते. दिवाळीला आमी दिंद्रुडकडं गेलतो, तवा येगळा व्हता. आता येगळा."

"मला एकच आकडा टाकावा लागतो आजी."

"मंग आज मेंढरं हितं हायत तर हितला टाक. उद्याचं म्या सांगत न्हाई."

रोहिणीनं काहीतरी टाकलं. मग तिनं पुढचा प्रश्न वाचला. "गेल्या वर्षात घरात कुणाला उपचारांची गरज होती, पण घेतले नाहीत, असं झालं का?"

रतनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बिभीषण कमरेवर हात ठेवून, एका पायावर भार टाकून उभा होता. गोळा त्या वेळी खाली उतरलेलाच होता. समोर लेकीच्या वयाची पोरगी, बाजूला दात काढून उभा असलेला अजिनाथ. त्याच्या कानशिलावर घाम आला.

"न्हाई," वच्छलाबाई म्हणाली.

"न्हाई," बिभीषणही म्हणाला, गरजेपेक्षा जरा मोठ्यांदाच.

"काका, बसा की. उभे का?"

"उभंच बरं वाटतंय."

"त्यो बसत नसतोय ताई," अजिनाथ म्हणाला. "लई दिवसांपून बघतोय म्या. मोठा साहेब झालाय त्यो. काय बे?"

बिभीषणनं मान खाली घातली. रोहिणीच्या बोटानं टॅबवर एक खूण केली आणि हे घर झकास म्हणून नोंदलं गेलं. विमा आहे, कार्ड आहे, अडलेलं दुखणं एकही नाही. तिच्याकडं दुसरा इलाज नव्हता. माणसं सांगतील तेवढंच तिला लिहायचं होतं.

तिला सोडायला रतनबाई रस्त्यापर्यंत गेली. दोघी स्कूटीजवळ बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. लांबून बिभीषणला फक्त रोहिणीचे हात हलताना दिसत होते. रतनबाई आली ती तरातरा आणि थेट सासूसमोर उभी राहिली.

"आत्याबाई, ती पोरगी म्हनली, कारड येकदा काढलं म्हून संपत न्हाई."

"ती पोरगी इचारायला आलती का सांगायला?"

"इचारायला."

"मंग?" म्हातारीनं चुलीत काटकी सारली आणि विषय संपला. रतनबाईजवळ रोहिणीचा फोन नंबर तेवढा राहिला.

आठवडा गेला असेल नसेल. अजिनाथचं रान खतावून झालं, आता ओढ्याकाठच्या रानात जायचं होतं. घोड्यावर बोजा चढला, कोकरं झोळीत घातली, मेंढरं निघाली. वाटेत पाइपलाइनसाठी खणलेला चर होता. एक गाभण मेंढी त्यात घसरली आणि पोटाच्या ओझ्यानं तिला वर चढता येईना. बिभीषण चरात उतरला. मेंढीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून त्यानं सगळा जोर लावला. मेंढी वर गेली आणि याच्या जांघेत सर्रकन काहीतरी सुटलं.

तो तसाच चरात आडवा पडला. नेहमीसारखा तळव्यानं गोळा दाबला. गोळा हलेना. दगडासारखा टणक झाला होता आणि नुसतं बोट लागलं तरी डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पुन्हा दाबला. मग त्याला भडभडून उलटी झाली. "रतने," त्यानं हाक मारली, पण आवाज फुटला नाही. रतनबाई मागं वळून बघते तर मेंढी एकटीच उभी. ती पळत आली, तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि सासूला बोंब ठोकून बोलावलं.

वच्छलाबाई आली आणि चरात उतरून त्याच्याजवळ बसली.

"सोड धोतर."

"माय, नगं..."

"सोड म्हनते न्हवं! तुला म्या जल्म दिला का अजिनाथनं?"

तिनं स्वतःच गाठ सोडली, पट्टी सोडली आणि दोन बोटांनी गोळ्याला हात लावला. बिभीषणनं तोंडावर पटका ओढून घेतला. दुखण्यापेक्षा लाजेनंच तो अर्धा मेला होता. म्हातारीनं पट्टीचे वेढे बोटांनी चाचपले. पट्टी बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"एडक्याचं आतडं असं अडकलं का सांजच्याला काळं पडतंय," ती म्हणाली. "म्या धा येळा बघितलंय. येक बी एडका वाचला न्हाई."

ती उठली. तिचा हात कनवटीला गेला. एवढी वर्षं राखलेलं पुडकं तिनं एका हिसक्यात बाहेर काढलं आणि रतनबाईच्या हातावर आपटलं.

"जा. काप मेंढरू."

"माय, तुझ्या दुखन्याला मंग..." बिभीषण तशाही अवस्थेत पुटपुटला.

"गप पड, मुडद्या! तू न्हाई तर ते कारड मी काय चाटू?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. बोंब ऐकून बांधावर धावत आलेल्या अजिनाथकडं ती वळली. "अजिनाथ! आरं गाडी आन तुझी!"

अजिनाथनं पिकअप आणली. त्यानं आणि त्याच्या गड्यानं बिभीषणला उचलून मागं गोणपाटावर निजवलं. काय झालंय ते कळल्यावर अजिनाथचं तोंड उतरलं.

"अबे, सांगायचं न्हाई व्हय? कावून लपवलंस? माझ्या बापाला बी हेच झालतं. त्यानं बी मरूस्तोर कुनाला सांगितलं न्हाई," असं म्हणून त्यानं दार आपटलं आणि गाडी अशी हाणली की आयुष्यात कधी हाणली नसेल. वाटेत रतनबाईनं रोहिणीला फोन लावला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्या, दारातून आत गेल्यावर योजनेचं टेबल आहे, तिथं कार्ड आणि रेशनकार्ड दाखवा, पण आधी माणसाला डॉक्टरपुढं घाला, असं तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. विचारणारी पोरगी अखेर सांगायच्याही कामी आली.

बिभीषणला पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. ढकलगाडीवर निजलेला, वर पांढरा उजेड, आणि भोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. जे त्यानं बांधाच्या आड, पट्टीखाली, धोतराखाली लपवलं होतं ते सगळे वाकून बघत होते. त्यात दोन पोरीही होत्या. एकही हसलं नाही. एकीनं नुसतं विचारलं, "बाबा, कधीपासून आहे?" तिनं ते इतकं सहज विचारलं की त्यानं तितक्याच सहज सांगून टाकलं, आणि सांगितल्यावर आपण एवढे दिवस कशाला लाजत होतो तेच त्याला समजेना. मग त्याला आत नेलं.

शुद्धीवर आला तेव्हा रतनबाई उशाशी बसली होती. रडून रडून डोळे सुजले होते, पण तोंडावर हसू होतं. "आतडं जित्तं हाय म्हनले डॉक्टर. येळंवर आनलं म्हनले. आत सारलं आन् जाळी बसवली आतून."

"वाघर?"

"तसंच कायतरी."

बिभीषणनं डोळे मिटले. जीव वाचला, ते खरं. पण छातीवर दुसरंच ओझं बसलं होतं. आपण म्हातारीचा वाटा खाल्ला. उद्या तिला काही झालं तर? सह्या घ्यायला योजनेचा माणूस खाटेजवळ आला तेव्हा त्यानं आधी तेच विचारलं, "साहेब, कारड संपलं का?"

"संपायला काय झालं? तुमच्या ऑपरेशनपुरतंच वजा झालं. बाकीचं सगळं तसंच आहे. आणि दर वर्षी पुन्हा भरतं ते."

"पुना भरतं?"

"म्हणजे नव्यानं सुरू होतं."

रतनबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, म्हंजी ते कापायचं मेंढरूच न्हाई! कातरायचं हाय! लोकर कातरली तर मेंढरू मरतंय का? वर्साला पुना वाढती!"

"तसंच," तो माणूस म्हणाला. त्यानं जन्मात मेंढरू कातरलं नसेल, पण मान मात्र ठामपणे हलवली.

बिभीषणला हसू आलं. हसलं की टाके ओढायचे, टाके ओढले की तो "आई गं" म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा डोकं वर काढून बघू लागला. अंग हलकं झालं, मन हलकं झालं, आणि कुणी विचारलं असतं तर त्या दवाखान्यातल्या भाताचंही त्यानं कौतुक केलं असतं.

तो ओढ्याकाठच्या रानात परतला तेव्हा मेंढरं वाघरीत होती, एकही कमी नाही. अजिनाथनं आपला गडी दिला होता, तरी निम्म्या मेखा म्हातारीनंच ठोकल्या होत्या. हातात हातोडा घेऊन, पाय फाकून फेंगडत ती सामोरी आली. मुलाला नखशिखान्त न्याहाळलं, कानशिलावर बोटं मोडली. कार्डाचा विषय काढला नाही. रतनबाईनं पुडकं पुढं केलं तर म्हणाली, "आता ते ठिवून काय करू? चुलीत घाल."

"आत्याबाई, संपलं न्हाई ते. साहेबानं सांगितलं..."

"माझी समजूत काढू नगा. दिलं ते दिलं. मला काय त्याचं दुख न्हाई." पण दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. कनवटीकडं हात मात्र सवयीनं जायचा आणि रिकामा परत यायचा. ते बघून बिभीषण मान दुसरीकडं वळवायचा.

तिसऱ्या दिवशी रोहिणी आली. पाहणीतली काही घरं खात्रीसाठी दुसऱ्यांदा विचारायची असतात आणि त्यांत हे घर तिनं स्वतः मागून घेतलं होतं. तिनं टॅब काढला, पण म्हातारीनं तो हातानं दाबून धरला.

"आधी माझा सवाल, मंग तुझे. ह्याचं पोट कापलं त्या कारडावर. आता त्यात काय उरलं?"

"खूप उरलंय आजी. आणि वर्ष सरलं की पुन्हा नव्यानं मिळतं. चौघांनाही."

म्हातारी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. "तुला पगार कशाचा मिळतोय?"

"प्रश्न विचारायचा."

"सांगायचा न्हाई मिळत?"

"नाही."

"मंग हे फुकट सांगितलंस. म्हंजी खरं असल," म्हातारी म्हणाली आणि तिनं सुनेपुढं हात पसरला. रतनबाईनं पुडकं दिलं. म्हातारीनं ते कनवटीला न लावता मांडीवर ठेवलं.

रोहिणी विचारत गेली. माणसं, रेशनकार्ड, विमा. कार्ड वापरलं का? वापरलं. मग तोच मागचा प्रश्न आला, गरज असून उपचार घेतले नाहीत असं कुणी?

म्हातारीनं मांडीवरचं पुडकं उलटंसुलटं केलं. "बिभीषण, तू जा मेंढराकडं."

तो उठला आणि निघाला. पण टाके ओले, पाऊल झपझप पडेना. वारंही त्याच्याच बाजूला वाहत होतं. मागून शब्द येत राहिले.

"लिव. हाय."

"कुणाला आजी?"

"मला. अंग भाईर येतंय माझं. चिंधी बांधून ठिवते."

"कधीपासून?"

"त्यो चाललाय न्हवं तिकडं? त्याचं जेवढं वय हाय, तेवढं लिव."

बिभीषण जागच्या जागी थांबला. तो जन्मला ते असंच कुणाच्या तरी रानात. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं हलली, तेव्हा घोड्यावरचा बोजा मीच उचलला, हे म्हातारी दर सणाला फुशारकीनं सांगायची. आपली आई म्हणजे वाघीण, असं त्याला ते ऐकताना वाटायचं. त्या बोज्याचं काय मोल पडलं ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्याची पट्टी बघून ती चकित का झाली नाही, हे त्याला आता कळलं. ती कार्ड राखत होती ते यासाठी. आणि चरात उभी राहून तिनं ते एका क्षणात देऊन टाकलं होतं. त्याला रडू आलं. मेंढरांकडं तोंड करून तो पोटभर रडला, टाक्यांवर हात धरून.

मागं रोहिणी सांगत होती, बाळंतपणानंतर गर्भाशय असं खाली उतरतं, यावर इलाज आहे, याच कार्डावर होतो, मी स्वतः सोबत येते. म्हातारीनं मध्येच तिला तोडलं.

"बघायला बाई असती का तिथं?"

"असते की. बाई डॉक्टरच असतात."

"मंग हे पयल्या खेपेला सांगायचं न्हाई व्हय गं?" म्हातारी तिच्यावर खेकसली आणि रतनबाई खळखळून हसली. ते हसणं ऐकून बिभीषणनं पटक्यानं डोळे पुसले. आई बरी होणार होती. एवढ्या वर्षांचं दुखणं जाणार होतं, आणि त्यासाठी कुणाच्या वाट्याचं काही कमी होणार नव्हतं.

रोहिणी गेली. रतनबाईनं अजिनाथला निरोप धाडला, सकाळी गाडी हवी म्हणून. ऊन कलता कलता म्हातारी वाघरीपाशी आली आणि मुलाशेजारी उभी राहिली. दोघंही मेंढरांकडं बघत होती.

"ऐकलंस न्हवं?"

"न्हाई, माय."

"खोटं बोलू नगंस."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि भला मोठा श्वास सोडला.

"बरं झालं ऐकलंस," ती म्हणाली. "तुला येगळं सांगायचं म्हनलं असतं तर माझी जीभ रेटली नसती."